अर्ध्या वेगाने कोरलेली तबकडी

वॉल्थमस्टोच्या बाजारातून डावीकडे वळणाऱ्या गल्लीत, नॉर्मन टिडी यांच्या टायरच्या दुकानावर, थेल्मा गॅदरकोल यांची खोली होती. एक जर्मन कोरणयंत्र, एक सूक्ष्मदर्शक, टेप वाजविण्याची दोन अवजड यंत्रे आणि चहाची किटली, एवढाच त्या खोलीचा संसार. येथे थेल्माबाई तबकड्या कोरीत. ॲल्युमिनियमच्या चकतीवर काळ्या लाखेचा पातळ थर असे. त्यावर नीलमण्याची तापविलेली कोरणी टेकवायची, आणि गाणे जसजसे वाजेल तसतसा त्याचा बारीक चर लाखेत उमटत जायचा. कारखान्यात छापलेल्या तबकड्या हजारांनी निघतात, ही एकटीच. शुक्रवारी कोरावी, शनिवारी डीजेने ती रेव्हमध्ये, म्हणजे रात्रभराच्या नाचाच्या मेळाव्यात, वाजवावी आणि महिन्याभरात ती झिजून निकामी व्हावी, असे तिचे आयुष्य. पोरे तिला 'प्लेट' म्हणत. आपल्याकडे जे गाणे आहे ते दुसऱ्या कोणाकडेही नाही, या एका गोष्टीवर त्यांचा सारा रुबाब चाले.

दारावर चार नियम टंकलिखित करून लावले होते. जिन्यात सिगारेट ओढू नये. आपला क्रमांक सोडून पुढे घुसू नये. यंत्र चालू असताना पाय आपटू नयेत. आणि कोरलेली प्लेट घरी वाजवू नये. चौथा नियम तांबड्या शाईने अधोरेखित केलेला होता, कारण पहिले तीन पोरे पाळीत असत.

थेल्माबाई सोळाव्या वर्षी तबकड्यांच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून लागल्या. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चरांत दोष शोधायचे, हे काम. पंधरा वर्षे त्यांनी ते केले. मग एक कोरणारा आजारी पडला म्हणून आठवडाभर त्यांना यंत्रावर बसविले, आणि त्या आठवड्यानंतर त्यांना तेथून उठविण्याचे कोणाच्या मनात आले नाही. १९८६ साली कारखाना बंद झाला, तेव्हा इतरांनी निरोपाची घड्याळे घेतली. थेल्माबाईंनी यंत्र मागून घेतले. पहिली दोन वर्षे चर्चची गायकवृंदे, शाळांचे बँड, एखाद्या हौशी जोडप्याच्या लग्नातली भाषणे असे काहीबाही त्या कोरीत राहिल्या. १९८८ च्या उन्हाळ्यात ढगळ कपड्यांतला पहिला पोरगा जिना चढून आला.

या पोरांचे संगीत थेल्माबाईंना कानांआधी डोळ्यांनी कळले. आरंभीच्या तबकड्यांचे चर शिवणयंत्राच्या टाक्यासारखे होते: ठोका, ठोका, ठोका, सारख्या अंतरावर, मिनिटाला एकशे वीस. वर्ष-दोन वर्षांत टाका उसवला. पोरांनी जुन्या अमेरिकन नाचाच्या तबकड्यांतून ढोलकऱ्याचे चार-चार मात्रांचे तुकडे उचलले, ते कापले, उलटसुलट जोडले आणि वेगाने पिटाळले. चर नागमोडी धावू लागला. ठोके एकशे पंचेचाळीसवर गेले. त्यावर पियानोचे आघात, आणि कुठल्याशा गायिकेची एकच ओळ, इतकी जलद फिरविलेली की जणू ती बाई बाहुलीच्या घशातून गात असावी. एकाच गाण्यात पोटात गोळा आणणारा खर्ज आणि लहान मुलासारखा हसरा पियानो शेजारी-शेजारी नांदत. थेल्माबाई म्हणत, एकाच ताटात कारले आणि बासुंदी वाढली आहे. पण पोरे दोन्ही मिटक्या मारीत खातात, तर आपण वाढप्याने नाक का मुरडावे?

१९९३ साली ताटे वेगळी झाली. काहींनी पियानो हद्दपार केला, तुटलेला ठेका आणि खर्ज ठेवला, आणि आपल्या संगीताला जंगल म्हटले. उरलेल्यांनी पियानो आणि बाहुलीचा आवाज छातीशी धरला, त्याखाली पुन्हा तो सरळ टाका घातला, आणि वेग एकशे सत्तरच्या घरात नेला. पहिल्यांनी दुसऱ्यांना हिणवून 'हॅपी' म्हटले. दुसऱ्यांनी ते नाव बिरुदासारखे मिरविले. हॅपी हार्डकोर. शुक्रवारी दुपारी जिन्यावर रांग लागे तेव्हा जंगलवाले भिंतीच्या बाजूला आणि हॅपीवाले कठड्याच्या बाजूला बसत. क्रमांक मात्र एकच चाले. त्या बाबतीत थेल्माबाईंकडे पंथभेद नव्हता.

जो पिल्बीम ही मुलगी आणि कर्टिस बेनबो अशी दोघे पूर्वी एकाच पायरीवर बसत. १९९१ मध्ये, जोच्या आईच्या स्वयंपाकघरात, कर्टिसचा, आवाजांचे तुकडे साठवून वाजविणारा सँपलर आणि जोचा जुना संगणक जोडून त्यांनी सात गाणी केली होती, आणि सातही येथेच कोरली होती. मग कर्टिस भिंतीकडे गेला, जो कठड्याकडे. भांडण असे झाले नाही. पण बोलणे टोमण्यांपुरतेच उरले.

मार्च १९९५ च्या एका शुक्रवारी सहाव्या क्रमांकावर जो आत आली, ती प्लेट छातीशी कवटाळूनच. सातव्या क्रमांकाचा कर्टिस दारात उभा होता.

"आंटी," जो म्हणाली, "ही प्लेट खराब निघाली."

"माझी प्लेट खराब निघत नाही, बाळा. ती खराब करावी लागते. किती वेळा वाजवलीस?"

"चारदा. फार तर पाचदा."

थेल्माबाईंनी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली सरकविली, चष्मा कपाळावर चढविला आणि भिंगाला डोळा लावला.

"कडा बघ इथल्या. नांगरटीवरून गुरं गेल्यासारख्या बसल्यात. चाळीस वेळा."

"अडतीस," जो खाली पाहत म्हणाली.

दारातून कर्टिस हसला. "अडतीस! अगं, तुझ्या आईनं तुला घराबाहेर कसं काढलं नाही?"

"तू तुझं बघ."

"माझं उत्तम आहे. तुझ्या त्या चिरकणाऱ्या खारींचा घसा बसला एवढंच ना? जगाचं काय नुकसान झालं?"

"तुझ्या प्लेटीत निदान घसा तरी आहे का? शेजाऱ्यांचा फ्रीज बिघडल्यासारखं नुसतं घुमतं ते."

"दोघांनी गप्प बसा," थेल्माबाई म्हणाल्या. "जो, का वाजवलीस? नियम वाचता येतो तुला."

जोने सांगितले. उद्या, शनिवारी, मिल्टन कीन्सच्या मोठ्या हॉलमध्ये तिला अर्धा तास मिळाला होता. मुख्य मंचावर, पाच हजार माणसांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा. त्या मंचावर आजवर एकही मुलगी उभी राहिली नव्हती. आयोजकांनी बोलाविले ते या एका गाण्यासाठी. त्यांनी त्याची कॅसेट ऐकली होती. आणि एकशे सत्तर ठोक्यांच्या वेगात एका तबकडीवर दुसरी जोडायची म्हणजे पाव ठोक्याची चूकसुद्धा घोडे लाथाळल्यासारखी ऐकू येते. म्हणून तिने आठवडाभर सराव केला होता.

"मुलगा चुकला तर म्हणतात, सुई घसरली," ती म्हणाली. "मी चुकले तर म्हणतील, मुलगीच ती. मला चुकायची सोय नाही, आंटी. आणि आता ऐका तर खरं, ठोका आहे, पियानो आहे, गाणारीच नाही. गोधडीखाली तोंड घालून गातेय."

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. लाख मऊ असते, आणि सुई तिला प्रत्येक फेरीत थोडे खरवडते. खर्जाचे चर रुंद व खोल. ते शंभरदा वाजवूनही शाबूत राहतात. तारसप्तकाच्या लहरी केसासारख्या सूक्ष्म. त्या आधी जातात. म्हणूनच जंगलवाल्यांच्या प्लेटी महिनोन्‌महिने टिकत आणि हॅपीवाल्यांच्या पंधरवड्यात मुक्या होत. ज्यांचे सर्वस्व वरच्या पट्टीत, त्यांचेच आधी लुटले जाई.

थेल्माबाईंनी चष्मा पुसला. "अर्धी चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

खोलीत हे वाक्य पूर्वी कोणी ऐकले नव्हते. कर्टिस दाराची चौकट सोडून आत आला.

"वरच्या पट्टीचे आवाज कोरायचे म्हणजे हेडला, ही कोरणी हलवतं त्या भागाला, फार धावावं लागतं. धावलं की ते तापतं. माझ्याकडे हेड एकच आहे. आतली तार जळली तर जर्मनीहून दुसरं यायला चार महिने, तेही आलं तर. म्हणून मागच्या गुरुवारी मी तुझ्या गाणारीला जरा खाली दाबली. तुला न सांगता. ती मुळातच उथळ बसली, आणि तू ती अडतीसदा खरवडलीस."

"मग आज दाबू नका," जो म्हणाली.

"आज नाही दाबत."

त्यांनी कोरी चकती चढविली. कोऱ्या चकत्यांचा पुरवठा सोमवारी होणार होता; त्या दिवशी दोनच उरल्या होत्या, एक सहाव्या क्रमांकाची, एक सातव्याची. जोने आणलेली डिजिटल कॅसेट लागली, कोरणी टेकली, लाखेचा काळा तंतू नळीतून सुळकन ओढला जाऊ लागला. सव्वा मिनिट सारे ठीक होते. मग गाणारी आली. हेडच्या तापमानाचा काटा दचकल्यासारखा उठला, तांबड्या रेषेला भिडला, आणि यंत्राच्या पोटात खटकन आवाज झाला. कोरणी आपोआप वर उचलली गेली. चकतीवर बोटभर रुंदीचे गाणे आणि पुढे काळा आरसा.

"खटका पडला," थेल्माबाई म्हणाल्या. "त्याचं कामच ते."

"खटक्याला तार बांधून टाका की," कर्टिस म्हणाला. "नॉर्मनकाका त्यांच्या कॉम्प्रेसरला बांधतात तशी."

"तुझ्या जिभेला बांधते. खटका नसता तर आत्ता आपण तिघं जळलेल्या हेडकडे बघत बसलो असतो."

वाया गेलेली चकती जोने उचलली, बाजूला ठेवली, पुन्हा उचलली. टेबलावर उरलेली एक चकती कर्टिसची होती. ती तिने मागितली नाही. थेल्माबाईंनीही मागितली नाही. क्रमांक म्हणजे क्रमांक. त्या किटलीपाशी गेल्या, तीन कप चहा केला, आणि आपला कप हातात धरून यंत्राकडे अशा पाहत राहिल्या, जसे एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर यावे आणि येऊ नये.

मग त्यांनी कप खाली ठेवला. खालच्या कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. डब्यात बिस्किटे नव्हती. तारा आणि चकचकीत डाखांचे एक लहानसे मंडल होते.

"चौऱ्याहत्तर साली," त्या म्हणाल्या, "आमच्या साहेबांना चार कर्ण्यांच्या तबकडीचं खूळ लागलं होतं. कोपऱ्या-कोपऱ्यात कर्णा. त्यात इतक्या वरच्या पट्टीचे आवाज भरायचे असत की कुठलंही हेड जळून जावं. मग आम्ही काय करायचो? टेप अर्ध्या वेगानं चालवायची. तबकडीही अर्ध्या वेगानं फिरवायची. गाणं रांगत जातं, हेडला धावावं लागत नाही, ते तापत नाही. आणि तीच तबकडी घरी पूर्ण वेगानं फिरवली की गाणं जिथल्या तिथं. खूळ दोन वर्षांत गेलं. डबा मी घेऊन आले."

"तुम्हाला अजून जमेल?" जोने विचारले.

"मला काय जमतं ते विचारू नकोस. मी विसरत नाही. कर्टिस, चकती तुझी आहे. तुझा नंबर आहे. मी मागणार नाही, तीही मागणार नाही. पण तुझ्याआधी मला हिची टेप एकदा अर्ध्या वेगानं ऐकून बघायची आहे. नुसती ऐकायची. पाच मिनिटं देशील?"

"पाच काय, दहा घ्या," कर्टिस म्हणाला, आणि चहा घेऊन स्टुलावर बसला. "खारी रांगताना कशा दिसतात, बघू तरी."

डिजिटल कॅसेट अर्ध्या वेगाने चालत नाही. थेल्माबाईंनी गाणे आधी रुंद टेपवर उतरवून घेतले, अर्ध्या वेगात सुरांचा तोल सांभाळणारे डब्यातले मंडल मधे जोडले, टेपयंत्राचा खटका खाली ओढला आणि कर्ण्याची कळ फिरविली.

एकशे अडुसष्ट ठोक्यांचे गाणे चौऱ्याऐंशीवर आले. जे धावत होते ते चालू लागले. पियानोचे आघात नव्हते राहिले. दूरच्या चर्चमध्ये कोणी सावकाश ऑर्गन वाजवावा तसे सूर पसरले. आणि बाहुलीच्या घशातून गाणारी ती बाई एक भरदार, गंभीर पुरुष झाली.

कर्टिसला चहाचा ठसका लागला. "अरे देवा! हे तर आमच्या चर्चमधले डीकन! रविवारी वर्गणी मागायला उभे राहतात ना, अगदी तेच!"

जोलाही हसू आवरेना. "माझी मोठी बहीण आहे ती, मूर्खा! केरी! तिला सांगू का, तू तिला डीकन म्हणालास?"

"सांग. तिला दाढी शोभेल."

थेल्माबाईंनी हात वर केला. गाणे पुढे सरकत होते. सरळ ठोक्याच्या खाली, एरवी वेगात जे नुसते सळसळल्यासारखे भासे, तो ढोल आता एकेक टिपरी मोजता येईल इतका उघडा पडला होता. दोन सरळ, एक ओढून, मग एक अडखळता, अगदी उशिरा पडणारा.

कर्टिसने कप खाली ठेवला. टेप संपत आली तरी तो मान तिरकी करून ऐकत होता.

"हा माझा ठेका आहे," तो म्हणाला.

"मग कोणाचा असणार?" जो म्हणाली.

"तो अडखळता टोला... मीच कापला होता. चुकून कापला होता. तू म्हणालीस, राहू दे."

"अजून राहू दिलाय. माझ्या प्रत्येक गाण्यात आहे. तुला वेगात ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?"

कर्टिसने खिडकीबाहेर पाहिले. खाली नॉर्मन टिडी एका लाल गाडीचे चाक काढीत होते. त्या संध्याकाळी स्ट्रॅटफर्डच्या एका क्लबात कर्टिसला स्वतःला वाजवायचे होते, आणि सातव्या क्रमांकाची चकती त्यासाठीच होती, हे तिघांनाही ठाऊक होते.

"आंटी," तो वळून म्हणाला, "मागच्या महिन्याची माझी प्लेट सत्तरदा वाजलीय. खर्ज अजून ठणठणीत आहे. आजही चालेल. चकती हिला द्या."

"विचार करून बोल. नंतर जिन्यात रडायचं नाही."

"रडायला मी काय हॅपीवाला आहे?"

"कर्टिस," जो म्हणाली.

"आभार मानलेस तर परत घेईन."

आता प्रश्न उरला खालच्या कॉम्प्रेसरचा. अर्ध्या वेगाने कोरताना बाहेरचा प्रत्येक हादरा दुप्पट जोराने लाखेत उमटतो. कर्टिस जिना उतरून गेला. खालून नॉर्मन टिडी यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "अकरा मिनिटं? गाडीला तीनच चाकं आहेत, आणि गिऱ्हाईक तिच्यात बसलंय!" मग काही कुजबुज झाली, आणि मग कॉम्प्रेसर धापा टाकीत थांबला. कर्टिसने त्यांना काय सांगितले ते त्याने कधीच उघड केले नाही. नॉर्मन मात्र त्यानंतर आठवडाभर थेल्माबाईंच्या प्रकृतीची हळुवारपणे चौकशी करीत होते.

थेल्माबाईंनी चकती चढविली. वेगाची कळ पंचेचाळीसवरून साडेबावीसवर आणली. गाणारीचा आवाज पूर्ण उघडा ठेवला. एक रेघही दाबला नाही. मग त्यांनी जोडे काढले, कारण स्वतःला नियमातून वगळण्याची त्यांना सवय नव्हती, आणि कोरणी टेकविली.

सव्वापाच मिनिटांचे गाणे साडेदहा मिनिटे चालले. जो भिंतीला पाठ लावून उभी होती. कर्टिस अर्ध्या जिन्यात अडकला होता. पायरी वाजेल म्हणून तो एक पाय उचललेल्या स्थितीत कठड्याला धरून राहिला. काळा तंतू नळीतून शांतपणे वर चढत होता. अडीच मिनिटांनी डीकन गाऊ लागले. तापमानाचा काटा हलला, अर्ध्यावर आला आणि तेथेच, जेवून ओट्यावर बसलेल्या माणसासारखा, निवांत राहिला. थेल्माबाई एका हाताने कळ धरून होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. बिनचूक गणित सोडविणाऱ्याच्या चेहऱ्यावर शेवटच्या पायरीपाशी जे दिसते, ते होते.

कोरणी उचलली गेली. कर्टिसने पाय खाली ठेवला.

थेल्माबाईंनी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि सावकाश, बाहेरच्या काठापासून आतपर्यंत, सगळे गाणे पाहिले. "खर्ज जरा हलका आलाय," त्या म्हणाल्या. "अर्ध्या वेगात तो येतोच. कर्टिसला हे चालणार नाही, तुला चालेल. गाणारी मात्र सगळीच्या सगळी आहे. तिचा श्वाससुद्धा दिसतोय."

जोने हात पुढे केला. "एकदा लावून बघू या?"

"नाही."

"एकदाच, आंटी."

"पहिली फेरी सर्वांत चांगली असते. ती पाच हजार माणसांची आहे, तुझी नाही. उद्या पहिला ठोका शोधण्यापुरती सुई टेकव. तिथून पुढं मंचावर."

"न ऐकताच मंचावर जाऊ? आणि काही बिघडलं असलं तर?"

"मी पाहिलंय," थेल्माबाई म्हणाल्या, आणि प्लेट पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडाला डिंकाची पट्टी लावून, तिच्या हातात दिली.

जो काही क्षण ते चिकटविलेले पाकीट पाहत उभी राहिली. आठवडाभर अडतीसदा वाजवूनही जी खात्री तिला आली नव्हती, ती एका बाईच्या दोन शब्दांवर घेऊन आता तिला जायचे होते. तिने पाकीट पिशवीत उभे ठेवले, आडवे नाही, आणि ती जिना उतरून गेली.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता ती परत आली. हातात एक सॉसेज रोल होता, तो तिने टेबलावर ठेवला. थेल्माबाई तेव्हा कुठल्याशा शाळेचा बँड कोरून नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या.

"बैस," त्या म्हणाल्या. "आणि क्रमानं सांग. मधेच शेवटावर उडी मारायची नाही."

जोने क्रमाने सांगण्याचा प्रयत्न केला. तिच्या आधीच्या मुलाने हॉल पेटवून ठेवला होता. तिने तीन तबकड्या वाजविल्या. तिन्ही जोडण्या काटेकोर बसल्या. मग चौथी म्हणून ही प्लेट. डिंकाची पट्टी तिने मंचावरच फाडली. पहिला ठोका कानातल्या कर्ण्यात शोधला, सुई थांबविली, सोडली. ठोका बसला. पियानो आला. लोकांनी हात वर केले. तेवढे ते कोणत्याही पियानोला करतात.

"मग सव्वा मिनिटानं केरी गायला लागली," जो म्हणाली. "आंटी, तुम्हाला कसं सांगू. तिथले कर्णे घराएवढे उंच आहेत. मी हे गाणं महिनाभर बनवलं, आठवडाभर वाजवलं. पण असं कधी ऐकलंच नव्हतं. एकेक शब्द. शब्दाच्या आधीचा श्वास. मला वाटलं, ती माझ्या मागंच उभी आहे. मी वळून पाहिलं, खरंच!"

"बरं. मग?"

"मग मी ऐकत राहिले."

"ऐकत राहिलीस म्हणजे काय?"

"म्हणजे..." जोने सॉसेज रोलचा कागद उलगडला, पुन्हा दुमडला. "पुढची तबकडी लावायची विसरले."

थेल्माबाईंनी हातातला कप बशीत ठेवला.

"विसरलीस?"

"गाणं संपलं. सुई आतल्या रिकाम्या चरात फिरतेय आणि पाच हजार माणसांत शांतता. नुसती खरखर. डीजेच्या हातून याहून वाईट काही होऊ शकत नाही. सुई घसरली तर निदान आवाज तरी होतो! म्हटलं, झालं, संपलं, मुलगीच ती."

"आणि?"

"आणि त्यांनीच गायला सुरुवात केली. केरीच्या दोन ओळी. पहिल्यांदाच ऐकलेल्या, पण शब्दन्‌शब्द कळला होता ना! आधी पुढची दहा-वीस जणं, मग मागचे, मग सगळा हॉल. शिट्ट्या, भोंगे, पाय आपटणं. टाळ्यांचा ठेका धरून गात होते, आणि तोही बरोबर एकशे अडुसष्टचा. मी सुई उचलली आणि त्यांच्याच ठेक्यावर पहिल्यापासून पुन्हा सोडली."

"जोडणी बसली?"

"केसाइतकीही चूक नाही. माणसांच्या गाण्यावर तबकडी जोडली मी, आंटी. आणि दुसऱ्या वेळी पुढची तबकडी वेळेवर लावली, शपथ. आयोजकांना वाटलं, मी मुद्दामच थांबले. जूनमध्ये बोलावलंय. पूर्ण एक तास. आणि हे गाणं छापायलाही विचारतायत."

"तू त्यांना सांगितलंस, विसरले म्हणून?"

"वेडी आहे का मी?"

खाली कॉम्प्रेसर धपधपत होता. मग थेल्माबाईंच्या खांद्यांत काहीतरी हलले, आणि जोला कळायला थोडा वेळ लागला की बाई हसत आहेत.

"तीस वर्षं मी तबकड्या कोरतेय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "वाजवणारीच्या हातून नाच थांबावा इतकी चांगली कोरायची माझी इच्छा नव्हती."

"मग आता काय करायचं?"

"करायचं काय? जूनची प्लेट नेण्याआधी त्या स्टुलावर बसून ती एकदा ऐकायची. एकदाच, नीट, आ वासून, काय वासायचा तेवढा आ वासून. म्हणजे मंचावर तो वासायची वेळ येणार नाही." त्यांनी सॉसेज रोल उचलला, त्याचे सुरीने दोन सारखे भाग केले, आणि अर्धा तिच्यापुढे सरकविला. "आणि छापायचं असेल तर मूळ तबकडी मीच कोरणार. अर्ध्या वेगानं. तसं त्यांना आजच कळव. नॉर्मनला काय सांगायचं, ते कर्टिसला विचार."